तुषारानंदांच्या मिशीवर बर्फ

मे महिना. झाडाचं पान हलत नव्हतं, अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि अर्नाळ्याच्या रस्त्यावर माणसं स्वेटर घालून रांगेत उभी होती! कुणी कानाला मफलर गुंडाळलेला, कुणी घरातली सोलापुरी चादर पांघरलेली. एका आजोबांना स्वेटर मिळाला नसावा, त्यांनी रेनकोट चढवला होता. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्यासाठी वडाखाली एक माणूस भाड्याने स्वेटर देत बसला होता. आदल्या भक्ताच्या घामाने ओलेचिंब झालेले ते स्वेटर लोक मोठ्या भक्तिभावाने अंगात घालत होते.

ही रांग कुठल्या देवळात जात नव्हती. ती जात होती गंगारामच्या बर्फाच्या कारखान्यात. एरवी तिथे मासळीचे टेम्पो, बर्फ फोडणाऱ्या मशीनचा खडखडाट आणि ड्रायव्हर लोकांच्या शिव्या, दुसरं काही नसायचं. आता तिथे मंडप होता, स्पीकर होता, आणि स्पीकरवर एकच गजर: "ज्याला बर्फ घाबरे, तो तुषारानंद! जय तुषार!"

चमत्कार असा की कारखान्याच्या मागच्या बाजूला मासळी ठेवायची जी थंड खोली आहे, तिथल्या प्रत्येक वस्तूवर बर्फ धरतो. पाइपांवर वीतभर, भिंतींवर चार बोटं, छताच्या हुकांवर, कोपऱ्यात विसरलेल्या झाडूवरसुद्धा. पण त्याच भिंतीवर टांगलेल्या महाराजांच्या फोटोवर बर्फाचा कण नाही! चकचकीत पत्र्यावर छापलेला फोटो, भगवी कफनी, आशीर्वादाचा हात आणि ओठांवर झुपकेदार काळी मिशी. सगळं पांढरंफटक आणि मधोमध ही मिशी काळी कुळकुळीत.

रांगेच्या मध्यावर क्लेमेंटीन टीचर हातात शाल घेऊन उभ्या होत्या आणि मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होत्या. शेजारच्या नंदाखाल गावच्या या टीचरनी सगळा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं होतं. शनिवार-रविवार एक कापडी पिशवी घेऊन त्या गावोगाव फिरायच्या. लिंबातून रक्त काढ, नारळातून आग काढ, जिभेतून तार आरपार घाल, आणि मग लोकांना सांग की बाबांनो, हे असं करतात. लोक टाळ्या वाजवायचे. पुढच्या महिन्यात तेच लोक दुसऱ्या बाबाच्या रांगेत दिसायचे. शेवटी गुडघे गेले, आणि गुडघ्यांच्या आधी उत्साह गेला. टीचरनी पिशवी कपाटावर टाकली, तिच्यावर जुन्या उशा रचल्या आणि तिकडे बघायचं सोडून दिलं.

"अगं बाई, टीचर! तुम्ही पण?" पुढून शेजारची बेला मागे वळली. तिच्या एका हातात जपमाळ होती आणि दुसरा हात खांद्यापासून आखडलेला. "बरं केलंत आलात. माझा खांदा बघा, केवढा वर जातो आता."

"केवढा?"

बेलाने हात वर नेला. तो छातीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "आधी एवढापण जात नव्हता," ती म्हणाली, पण जरा हळू आवाजात.

टीचरनी शाल दुसऱ्या हातात घेतली. वाद घालायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. आणि त्या बेलाच्या खांद्यासाठी आल्याच नव्हत्या. त्या आल्या होत्या विमलसाठी.

विमल अर्नाळ्याची. डोक्यावर टोपली घेऊन ती टीचरच्या दारात मासळी घेऊन यायची, ते टीचर लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून. टीचरचा मुलगा रायन कॅनडाला गेला आणि नवरा देवाघरी गेला, तेव्हापासून तर तिचं येणं मासळीपुरतं राहिलं नव्हतं. ती ओट्यावर बसायची, चहा प्यायची, गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायची आणि जाताना टीचरना दटावायची, "जेवत जा जरा, काडी झालाय तुमी."

आदल्या दिवशी सकाळीही ती आली, चपला पायरीवर काढून आत आली, टोपली उतरवली आणि पापलेट दाखवायला लागली. टीचरचं लक्ष पापलेटाकडे नव्हतं. पायरीपासून टोपलीपर्यंत पांढऱ्या लाद्यांवर लाल ठसे उमटले होते. उजव्या पायाचे.

"विमल, अगं पाय! रक्त येतंय!"

"कुटं?" विमलने वाकून बघितलं. "अगो बाय, हो की. काय लागलं असंल." आणि तिने साडीच्या पदराने तळवा असा पुसला, जसं दुसऱ्या कुणाचा पाय पुसतेय. तिला दुखत नव्हतं. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या, आणि तिला काहीच कळत नव्हतं.

टीचरनी वाकून जखम बघितली. विमलला साखरेचा आजार होता, पाय बधिर व्हायला लागले होते, डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, हे त्यांना ठाऊक होतं.

"गोळ्या घेतेस ना?"

"सोडल्या. महाराज बोलले, तीर्थ आनि गोळी एका पोटात नाय चालत."

"कोण महाराज?"

मग विमलने सगळं सांगितलं. पायात थंडी धरली आहे म्हणून पाय बधिर होतात. ज्याच्या फोटोला बर्फ धरत नाही तोच ही थंडी काढणार. पुनवेपर्यंत रोज फोटोसमोर बर्फाच्या लादीवर अनवाणी उभं राहायचं आणि फोटोवरून ओघळलेलं तीर्थ प्यायचं, असा नेम तिने धरला होता.

"बर्फावर अनवाणी? या पायाने? विमल, तुझा पाय जाईल! आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चल. मी येते बरोबर."

"पुनव झाली की जाऊ."

"तोपर्यंत पाय राहील का?"

विमलचा चेहरा कडक झाला. "टीचर, तुमी शिकलेल्या. मी तुमच्या शब्दाबाहेर नाय. पन बर्फ मला नका शिकवू. जल्मापासून माजे हात बर्फात हायेत. बर्फ कोनाला सोडत नाय. लोकंडाला धरतो, लाकडाला धरतो, मेल्या माशाला धरतो. त्यांना धरत नाय. मी माज्या डोल्यांनी बगितलं. आता बोला."

जाता जाता विमलने कमरेच्या पिशवीतून छोटी बाटली काढून टीचरच्या हातात ठेवली. तीर्थ. "गुडग्यांसाठी," ती म्हणाली. तिने स्वतःच्या वाटणीतलं काढून ठेवलं होतं, आणि त्याचंच टीचरना सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

विमल गेल्यावर टीचरनी लाद्या पुसल्या. मग बाटली उघडली. मुलांना त्या वर्षानुवर्षं ओरडत आल्या होत्या की प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही. आज स्वतःच एक थेंब जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच थुंकला. गोड. दाटसर गोड, जिभेला किंचित ऊब देणारा. ही चव त्यांना चांगली ओळखीची होती. नाताळच्या केकवरचं पांढरं आवरण दगडासारखं कडक होऊ नये म्हणून त्यात त्या दरवर्षी चमचाभर ग्लिसरीन घालायच्या. आणि नारळातून आग काढायची तर पिशवीतही त्याचीच बाटली लागायची.

पण गोडव्याने कुणाचा पाय वाचत नाही. आधी डोळ्यांनी बघायला हवं. म्हणून टीचर आज या रांगेत होत्या.

थंड खोलीचं दार उघडलं की पांढरी वाफ बाहेर यायची आणि लोक "जय तुषार" म्हणून हात जोडायचे. दमट हवा गार हवेला भेटली की वाफ दिसते, फ्रिज उघडल्यावर घरीही दिसते. घरी कुणी फ्रिजला हात जोडत नाही.

आत एका उंच खुर्चीवर तुषारानंद बसले होते. उघडे खांदे, खाली मात्र जाड लोकरीचं धोतर आणि पायात मोजे. प्रवचन चालू होतं.

"थंडी म्हणजे काय? थंडी म्हणजे अहंकार! पाणी अहंकारी झालं की त्याचा बर्फ होतो. आम्ही हिमालयात बारा वर्षं बर्फात बसलो. पहिली सहा वर्षं बर्फ आम्हांला छळत होता. पुढची सहा वर्षं आम्ही बर्फाला छळलं! शेवटी बर्फाने माफी मागितली, म्हणाला, स्वामी, यापुढे तुमच्या तसबिरीलाही शिवणार नाही. शास्त्रज्ञ आले होते. यंत्र लावलं. आत्म्याचं तापमान मोजताना यंत्र फुटलं!"

"फुटलं!" भक्त म्हणाले.

"विज्ञान कुठे थांबतं?"

"फुटतं तिथे!"

मग लेपनाची वेळ झाली. एका सेवकाने चांदीच्या वाटीतून काहीतरी दाट, पारदर्शक घेतलं आणि रेशमी फडक्याने महाराजांच्या फोटोवर कपाळापासून पायापर्यंत चोपडलं. खाली दुसरी वाटी ठेवलेली होती. फोटोवरून आधीचं ओघळलेलं त्यात थेंब थेंब जमत होतं. तेच तीर्थ.

टीचर बघत राहिल्या. सगळं उघड्यावर चाललं होतं, सगळ्यांच्या समोर. पडदा नाही, लपवाछपवी नाही. आणि शंभर माणसांपैकी एकाच्याही ते डोळ्यांत भरत नव्हतं. भरणार कसं? या गावात बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, शेंदूर-तेल लागतं, देव्हाऱ्यातल्या टाकांना तेल लागतं, टीचरच्या स्वतःच्या चर्चमध्येही अभिषेकाचं तेल असतं. देवाला काहीतरी चोपडायचंच असतं! मग काय चोपडता, हे कोण विचारणार? त्या ठगाने हातचलाखी केलीच नव्हती. त्याने लोकांच्या सवयीवर आपलं दुकान थाटलं होतं.

लादीवर विमल उभी होती. अनवाणी. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि उजव्या पायाखालचा बर्फ गुलाबी झालेला. टीचरनी तिला हाक मारली, तर तिने डोळेही उघडले नाहीत.

बाहेर येऊन टीचरनी गंगारामला गाठलं. कारखान्याचा मालक असला तरी त्यांच्यासाठी तो आठवीतला मागच्या बाकावरचा मुलगाच होता.

"गंगाराम, उद्या सकाळी महाराजांच्या फोटोशेजारी मला एक स्टीलची थाळी टांगायची आहे."

"थाळी? कशाला टीचर?"

"टांगायची आहे. हुक आहे का?"

"आहे," गंगाराम म्हणाला. टीचरना नाही म्हणायची त्याला अजून सवय झाली नव्हती.

त्या दिवशी घरी येऊन टीचरनी स्टूल घेतलं, कपाटावरच्या उशा खाली ढकलल्या आणि पिशवी ओढून काढली. धुळीने शिंका आल्या. कॅनडाच्या विमानतळावर काम करणाऱ्या रायनने मागे एकदा फोनवर दाखवलेलं त्यांना आठवलं. हिवाळ्यात विमान उडण्याआधी त्याच्या पंखांवर नळीने कसलंसं दाट पाणी फवारतात, बर्फ धरू नये म्हणून. "आई, विमानाची अंघोळ," तो हसत म्हणाला होता. तिथे विमानाला हात जोडायला कुणी येत नाही, फवारणारा पोरगा पगार घेतो आणि घरी जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी जमायच्या आधी टीचरनी बोट ग्लिसरीनमध्ये बुडवलं आणि थाळीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं. कोरड्या स्टीलवर ते दिसतही नव्हतं. थाळी फोटोशेजारी टांगली आणि त्या मंडपात येऊन बसल्या. गुडघे ठणकत होते. आपण हे पुन्हा का करतोय, असं त्यांनी स्वतःला विचारलं. मग विमल आली, लंगडत, आणि तिच्या मागे ओल्या मातीवर डाव्या पायाचाच ठसा नीट उमटत होता. उजवा पाय ती नुसता ओढत होती.

दुपारच्या दर्शनाला दार उघडलं आणि आतून कालवा झाला.

"अक्षरं! अक्षरं उमटली!"

थाळीवर पांढरा बर्फ साचला होता आणि त्यात चकचकीत, स्वच्छ, ओली अक्षरं उठून दिसत होती. लोक एकमेकांवर पडायला लागले. कुणी लोटांगण घातलं, कुणी मोबाइल काढला. "आकाशवाणी झाली," एक जण म्हणाला. "वाणी कुठे, लिखाण झालं," दुसऱ्याने दुरुस्ती केली.

"काय लिवलंय? कोन वाचून सांगा!" विमल मागून ओरडली. तिला वाचता येत नव्हतं.

गंगाराम पुढे झाला, त्याने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, "विमल... गोळी घे."

विमलने छातीवर हात ठेवला. "माजं नाव? देवाने?"

"देवाने नाही. मी लिहिलंय," टीचर म्हणाल्या. "सकाळी. या बोटाने, या बाटलीतल्या ग्लिसरीनने."

त्यांना वाटलं होतं, आता लोकांच्या डोक्यात प्रकाश पडेल. झालं भलतंच. आधी रेनकोटवाले आजोबा पुढे आले आणि टीचरच्या पाया पडले. मग दुसरे पडले. "टीचरच्या बोटात शक्ती हाय!" कुणीतरी म्हणालं. बेला आपला खांदा त्यांच्यापुढे करून म्हणाली, "टीचर, नुसतं बोट लावा, नुसतं!"

"अहो, उठा! बेला, खुळी झालीस का? बाटली बघा, बाटली! औषधाच्या दुकानात मिळते!"

पण बाटलीकडे कुणी बघत नव्हतं, सगळे बोटाकडे बघत होते. टीचर एका उपड्या क्रेटवर मटकन बसल्या. इतका थकवा त्यांना आजवर कधी आला नव्हता. एवढी वर्षं बाबा उघडे पाडले, आणि आज लोक त्यांनाच माताजी बनवून खुर्चीवर बसवायला निघाले होते. त्यांना रडावंसं वाटलं.

तेवढ्यात तुषारानंदांनी हात वर केला. काही झालं तरी माणूस हुशार. "माताजींचा दोष नाही. त्यांची थाळी आमच्या तसबिरीच्या शेजारी होती. चंदनाच्या शेजारी बाभळीलाही वास लागतो! हा आमच्या सान्निध्याचा प्रताप."

"जय तुषार!"

सगळं संपलं असं टीचरना वाटलं. त्या पिशवी उचलून उठणार, इतक्यात विमल बोलली.

"महाराज, आज लेप नका लावू."

"काय म्हणालीस?"

विमल लंगडत पुढे आली. तिच्या कपाळावर आठी होती, पापलेट ताजं आहे की कालचं, हे बोटाने दाबून बघताना असायची तशी. "टीचर बोलतात, बाटलीतल्याने बर्फ धरत नाय. तुमी बोलता, तुमच्याने धरत नाय. मग आज लेप ऱ्हाव द्या की. देव हाय तर तसाच ऱ्हाईल."

"लेपनाशिवाय तसबीर उघडी ठेवणं महापाप आहे, बाई! थंडी तुझ्या दोन्ही पायांत शिरेल."

"शिरली तर शिरली. एक तर गेलाच हाय."

महाराजांचा आवाज चढला. "गंगाराम, हिला बाहेर काढ!"

गंगाराम हलला नाही. तो टीचरकडे बघत होता.

विमलने दाराबाहेरची पाण्याची बादली आत ओढली, डोक्यावर टोपलीखाली ठेवायची आपली चुंबळ सोडली, ते फडकं पाण्यात बुडवलं आणि सेवक आडवा यायच्या आत महाराजांचा फोटो खसाखसा पुसला. पहिल्या फेरीत फडकं बुळबुळीत झालं. ते तिने पिळलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा पुसलं. ताटं धुवावीत तसा फोटो धुतला. मग खाली फरशीवर बसली, टाच मांडीवर घेतली आणि म्हणाली, "आता बगू."

सगळे बघत राहिले. दार उघडंच होतं, बाहेरची दमट हवा आत येत होती. आधी काहीच झालं नाही. सेवक कुजबुजले. तुषारानंद डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मग कफनीच्या कडेला एक पांढरी रेघ दिसली. ती हळूहळू वर चढली. आशीर्वादाचा हात पांढरा झाला. बेलाने जपमाळेचा हात तोंडाशी नेला. आणि शेवटी त्या काळ्या कुळकुळीत, झुपकेदार मिशीवर, अगदी टोकापासून, बर्फ धरायला लागला.

"धरला," विमल म्हणाली.

कुणी जयजयकार केला नाही. शेजारच्या थाळीवर मात्र 'विमल, गोळी घे' तसंच चकचकत होतं.

टीचर आता उठल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण वर्गात असायचा तसा झाला होता. "ऐका. बर्फ कुठे धरतो? जिथे हवेतलं पाणी गोठतं तिथे. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्याला गोठू देत नाही. त्यामुळे लेप पातळ होऊन खाली ओघळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ नवा लेप लागतो. आणि ओघळलेलं गोड पाणी तुम्ही तीर्थ म्हणून पिता. गंगाराम, तुझ्या टाकीतलं मिठाचं पाणी बर्फाच्या डब्यांभोवती चोवीस तास फिरतं, ते कधी गोठलंय?"

"नाही टीचर."

"का?"

"मीठ असतं म्हणून," गंगाराम खाली मान घालून म्हणाला. मग त्याने जे सांगितलं ते कुणी विचारलंही नव्हतं. "हा माणूस पहिल्यांदा आला होता तेव्हा पँट-शर्टात होता. कामणच्या गोदामांमधून फिरत होता. थंड खोल्यांच्या दारांना बर्फ धरून दारं अडकतात ना, त्यावर लावायचा लेप विकायचा. कुणी घेतला नाही. मग तोच कफनी घालून आला. माझा धंदा बसला होता, टीचर. मी काही विचारलं नाही."

"विचारायचं होतंस," टीचर म्हणाल्या. रागावण्याइतकीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती. "हे ग्लिसरीन निघालं म्हणून बरं. याच कामाचं दुसरंही एक रसायन मिळतं, तेही गोडच लागतं, आणि ते मूत्रपिंडं निकामी करतं. उद्या ते स्वस्त पडलं असतं तर याने तेच चोपडलं असतं, आणि तुम्ही पोराबाळांना पाजलं असतं. देव माना, नका मानू, ते तुमचं तुमच्यापाशी. पण जो माणूस डॉक्टरची गोळी सोडायला सांगतो, त्याला निदान एक प्रश्न तरी विचारा. वाटीत काय आहे, एवढाच. ज्याला हा प्रश्न विचारल्यावर राग येतो, त्याच्या वाटीतलं पिऊ नका."

तुषारानंद केव्हा सटकले ते कुणाला कळलंच नाही. खुर्चीखाली त्यांचा एक मोजा राहिला होता. पोलिसांनी त्यांना पुढे विरार स्टेशनजवळ पकडलं. तेव्हा ते पँट-शर्टात होते आणि मिशी काढलेली होती.

टीचर त्या दुपारीच विमलला रिक्षात घालून हॉस्पिटलला घेऊन गेल्या. डॉक्टरने जखम धुतली, पाय बघितला आणि टीचरना बाजूला घेऊन विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" आणखी थोडं थांबला असतात तर पाय गुडघ्यापासून गेला असता, असं ते म्हणाले. अंगठा आणि शेजारचं बोट वाचवता आलं नाही. पाय वाचला.

वॉर्डात विमल दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्या दिवशी टीचर पेज घेऊन गेल्या, तेव्हा तिने त्यांचा हात धरला आणि ती हमसून हमसून रडली. "मी, मी फसले टीचर! जल्म बर्फात गेला आनि मला बर्फानेच फसवलं."

"बर्फाने कुठे फसवलं?" टीचर म्हणाल्या. "बर्फाने तर खरं सांगितलं. तू पुसलंस आणि त्याने लगेच सांगितलं." त्यांच्याही डोळ्यांना पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी पुन्हा समुद्रात गेल्या, आणि एका सकाळी टीचरच्या पायरीवर ओळखीचा आवाज आला. "टीचर, सरंगा हाय, चला लवकर." पायात हॉस्पिटलने दिलेले जाड तळाचे बूट. विमल आता ते काढत नव्हती. बूट घालूनच ती आत आली, टोपली उतरवली, पदराच्या गाठीतून गोळी काढून पाण्याबरोबर गिळली आणि मग चहा मागितला.

"ऐकलं का?" चहा पिता पिता ती म्हणाली. "कळंबला एका बंगल्याच्या भिंतीतून मध गलतोय. देवीचा म्हने. लोक बाटल्या घेऊन लाईन लावतात. पोरांचा दमा जातो बोलतात."

टीचरनी डोळे मिटले. कळंब. पुन्हा रांग, पुन्हा वाटी, पुन्हा तेच चेहरे. आणि कुठल्यातरी आईने पोराचा दम्याचा पंप फेकून दिला असेल. "मला नाही गं होत आता, विमल," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

"मला होतं," विमल म्हणाली.

ती उठली आणि खिळ्याला अडकवलेली पिशवी खाली घेतली. टीचरनी ती परत कपाटावर ठेवलीच नव्हती. आत लिंबू होतं, तार होती, ग्लिसरीनची बाटली होती. विमलने आपल्या चुंबळीचं फडकं झटकलं, नीट घडी करून पिशवीत सगळ्यांच्या वर ठेवलं आणि टीचरपुढे हात केला.

"तुमी नुसत्या बसा, क्रेटवर बसला व्हता तशा. भिंत मी पुसते."